धसकटे कोणी मोजावीत?

पीक कापून घरी नेले की शेत रिकामे झाले, असे आपण म्हणतो. पण ते खरोखर रिकामे नसते. ज्वारीची धसकटे, गव्हाचे काड, भाताचा पेंढा, उसाचे पाचट, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या असे पुष्कळ काही मागे राहते. पाठ्यपुस्तकात 'पिकांचे अवशेष' अशा दोन शब्दांत त्यांची बोळवण होते. अलीकडे मात्र सातशे ते आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह या अवशेषांकडे बारकाईने पाहू लागले आहेत. कोणत्या शेतात किती जमीन काडाने झाकलेली आहे आणि किती उघडी आहे, याचे नकाशे तयार होत आहेत.

विद्यार्थी मित्रहो, हे नकाशे कसे तयार होतात हे तर सांगायचेच आहे. पण त्याबरोबर एक मतही तुमच्यापुढे मांडायचे आहे. आपल्या देशात उपग्रहाचा डोळा शेतातली आग शोधण्यासाठी बराच वापरला जातो. माझ्या मते आग शोधण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष शेतात शिल्लक राहिलेले काड मोजण्याकडे दिले पाहिजे. मात्र ही मोजणी परदेशातले माप जसेच्या तसे उचलून करता येणार नाही. आणि जमिनीवर उभे राहून तिची पडताळणी केल्याशिवाय तिच्या आधारे कोणालाही दोषी किंवा आदर्श ठरवता कामा नये. या पडताळणीत शाळांना मोठे काम आहे, असे मला वाटते. का, ते क्रमाने पाहू.

काडाचा उपयोग काय?

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर येऊन पोचतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला आठ-नऊ मीटर असतो. एका थेंबाची गतिज ऊर्जा अगदी थोडी असते हे खरे, पण एका वळवाच्या सरीत एकरभर जमिनीवर असे कोट्यवधी थेंब पडतात. उघड्या मातीवर पडणारा प्रत्येक थेंब एक लहानसा स्फोटच घडवतो. मातीचे कण उडतात, ढेकळे फुटतात, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, पृष्ठभागावर पापुद्रा धरतो आणि मग पाणी आत मुरण्याऐवजी माती घेऊन वाहू लागते. थेंब आणि माती यांच्यामध्ये काडाचा एक तुकडा असला, तर तो धक्का काडावर बसतो. शिवाय वाहणाऱ्या पाण्याला हे तुकडे जागोजागी अडवतात.

अमेरिकेला हा धडा फार महाग पडला. १९३० नंतरच्या दशकात तिथल्या विस्तीर्ण मैदानांवर दुष्काळ पडला, खोल नांगरून उघडी टाकलेली जमीन वाऱ्याबरोबर उडू लागली आणि धुळीच्या वादळांनी हजारो कुटुंबांना घरदार सोडायला लावले. १९३५ साली त्या देशाने मृदासंधारणासाठी स्वतंत्र खाते स्थापन केले व ह्यू बेनेट या मृदाशास्त्रज्ञाकडे त्याची सूत्रे दिली. पुढे तिकडे एक माप रूढ झाले. पेरणी झाल्यानंतरही जमिनीचा निदान ३० टक्के पृष्ठभाग मागील पिकाच्या अवशेषांनी झाकलेला असेल, तर त्या पद्धतीला संधारक मशागत म्हणायचे. १५ टक्क्यांहून कमी असेल, तर ती नेहमीची नांगरटीची मशागत. उघड्या जमिनीशी तुलना करता ३० टक्के झाकणाने पाण्याने होणारी धूप निम्म्याच्या आसपास उतरते, हा या मापामागचा आधार. सगळे शेत झाकावे लागत नाही. थोडे झाकले तरी पुष्कळ माती वाचते, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

काड आणखीही एक काम करते. ते कुजून पिकाने घेतलेली अन्नद्रव्ये मातीला परत करते. भाताच्या एक टन पेंढ्यात सुमारे साडेपाच किलो नत्र आणि सुमारे पंचवीस किलो पालाश असते. पेंढा जाळला की त्यातील बहुतेक नत्र धुराबरोबर हवेत जाते आणि सेंद्रिय द्रव्य संपते.

आता प्रश्न असा, की कोणत्या शेतात किती झाकण आहे हे कळायचे कसे? अमेरिकेत पूर्वापार एक पद्धत आहे. पाहणी करणारे लोक मोटारीत बसून ठरलेल्या रस्त्याने जातात, ठरावीक अंतरावर थांबतात आणि दोन्ही बाजूंच्या शेतांकडे पाहून अंदाज नोंदवतात. पण रस्त्याच्या कडेची शेते म्हणजे सगळा जिल्हा नव्हे, आणि माणसागणिक अंदाज बदलतो. म्हणून शास्त्रज्ञांनी वर आकाशाकडे पाहिले.

डोळ्याला न दिसणारा रंग

हिरवे पीक उपग्रहाला ओळखणे सोपे असते. पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते आणि पानाची रचना निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील फरक पाहिला की हिरवळ चटकन कळते. परंतु वाळलेल्या काडात हरितद्रव्य नसते. तांबूस-पिवळसर काड आणि तपकिरी माती यांचे दृश्य प्रकाशातील वर्णपट फार सारखे असतात. दोन्हींचे परावर्तन निळ्यापासून तांबड्याकडे हळूहळू वाढत जाते. त्यात ताजे काड मातीपेक्षा उजळ असते, तर पावसात भिजून काळे पडलेले काड कधी मातीहून गडद दिसते. तेव्हा केवळ उजळपणावर विसंबणे धोक्याचे.

मग काडात असे काय आहे, जे मातीत नाही? सेल्युलोज आणि लिग्निन. वनस्पतीच्या पेशीभित्ती ज्यांनी बनतात, ती ही द्रव्ये. त्यांच्या रेणूंतील कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन यांचे बंध लहान स्प्रिंगांसारखे सतत कंप पावत असतात. प्रत्येक बंधाची कंपनाची ठरलेली वारंवारता असते आणि त्या वारंवारतेचा प्रकाश आला की रेणू तो शोषून घेतो. यांतील मूळ कंपने लांब तरंगलांबीच्या अवरक्त भागात मोडतात. पण तंबोऱ्याची तार छेडली असता मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे उपस्वरही कान देऊन ऐकले तर ऐकू येतात ना? तसेच काहीसे रेणूंचेही आहे. त्यांच्या कंपनांनाही उपस्वर असतात, आणि दोन वेगळ्या कंपनांची बेरीज होऊनही शोषण घडते. सेल्युलोजच्या बाबतीत असे एक शोषण २.१ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या जवळ होते. आपल्या डोळ्याची मजल ०.७ मायक्रोमीटरपर्यंतच, म्हणजे काडाचा हा खास 'रंग' आपल्या डोळ्याच्या मर्यादेच्या तिपटीवर आहे. मातीतील खनिजांत २.१ मायक्रोमीटरला असा खळगा सापडत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधन केंद्रात क्रेग डॉट्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी या खळग्याचा कसून अभ्यास केला. २००० सालच्या आसपास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत खळग्याची खोली मोजण्याची साधी युक्ती दिली आहे. ओढ्याची खोली मोजायची असली तर आपण दोन्ही काठांना दोरी ताणून बांधतो आणि दोरीपासून तळापर्यंतचे अंतर घेतो. तसेच येथे करायचे. २.० आणि २.२ मायक्रोमीटर हे दोन काठ. तेथील परावर्तनांची सरासरी काढायची आणि तीतून २.१ मायक्रोमीटरचे परावर्तन वजा करायचे. समजा, एका शेतात २.० ला ३० टक्के, २.२ ला २८ टक्के आणि २.१ ला २५ टक्के प्रकाश परत आला. काठांची सरासरी २९, तळ २५, म्हणून खोली ४. नुसत्या मातीत हे उत्तर शून्याच्या जवळ किंवा त्याखाली येते, काड वाढेल तसे ते वाढत जाते. याला सेल्युलोज शोषण निर्देशांक म्हणतात.

ओल मात्र या मोजणीची शत्रू आहे. लघुतरंग अवरक्त किरण पाणी फार शोषते. त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर काड आणि माती दोन्ही काळवंडतात आणि खळगा उथळ होतो. हिरव्या पानांतील पाणीही तेच करते. म्हणून ज्या जागी हिरवळ बरीच आहे ती जागा आधीच हिशेबातून वगळावी लागते.

सातव्या पट्ट्याची गोष्ट

या निर्देशांकासाठी अगदी अरुंद पट्ट्यांत प्रकाश मोजणारे उपकरण लागते. नेहमी फिरणाऱ्या बहुतेक उपग्रहांवर तसे नसते. त्यांचे पट्टे रुंद असतात. तेव्हा जे आहे त्यातून काम भागवावे लागते, आणि त्याची एक गमतीदार कथा आहे.

अमेरिकेचा लँडसॅट-४ हा उपग्रह १९८२ साली सोडण्यात आला. त्यावर 'थीमॅटिक मॅपर' नावाचे उपकरण होते. त्याच्या पट्ट्यांचे क्रमांक पाहिले तर सहावा पट्टा उष्णतेच्या किरणांचा, म्हणजे फार लांब तरंगलांबीचा, आणि त्यानंतरचा सातवा मात्र पुन्हा मागे येऊन २.०८ ते २.३५ मायक्रोमीटरचा. असा उलटा क्रम का? कारण हा पट्टा आधीच्या आराखड्यात नव्हता. खडक आणि खनिजे ओळखण्यासाठी तो हवा, असा आग्रह भूशास्त्रज्ञांनी धरला म्हणून तो मागाहून घातला गेला. शेतीसाठी तो कोणी मागितलेला नव्हता. पण काडाचा खळगा नेमका याच पट्ट्यात येतो! १९९७ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी पाचवा पट्टा, म्हणजे १.५५ ते १.७५ मायक्रोमीटरचा, आणि हा सातवा पट्टा यांची जोडी लावून मशागत निर्देशांक तयार केला. पाचव्यातून सातवा वजा करायचा आणि त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागायचे.

भागायचे कशासाठी? वर्गात हा प्रश्न विचारला पाहिजे. समजा, सूर्य कललेला असल्यामुळे दोन्ही पट्ट्यांत येणारा प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी झाला. मग वजाबाकीही त्याच प्रमाणात कमी होईल आणि बेरीजही. भागाकार तेवढाच राहील. समजण्यापुरते आकडे घेऊ. काडाने झाकलेल्या शेतात पाचव्या पट्ट्यात ०.३०, सातव्यात ०.२४ : निर्देशांक ०.०६ भागिले ०.५४, म्हणजे सुमारे ०.११. उघड्या मातीत ०.२० आणि ०.१९ : ०.०१ भागिले ०.३९, म्हणजे सुमारे ०.०३. फरक लहान असला तरी मोजता येण्याजोगा आहे. मात्र काही चिकणमातीची खनिजे २.२ मायक्रोमीटरच्या जवळ प्रकाश शोषतात आणि सातव्या पट्ट्यात काडाची नक्कल करतात. म्हणून एका प्रकारच्या मातीवर बसवलेले गणित दुसऱ्या प्रकारच्या मातीला तसेच लावता येत नाही.

आज लँडसॅट-८ (२०१३) आणि लँडसॅट-९ (२०२१) मिळून दर आठ दिवसांनी एकाच जागेचे चित्र घेतात. युरोपचे सेंटिनेल-२ मालिकेतील उपग्रह २०१५ पासून फिरत आहेत आणि पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागी येतात. दोन्हींची चित्रे विनामूल्य मिळतात. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांवर १.५५ ते १.७० मायक्रोमीटरचा पट्टा आहे, परंतु २.२ चा जोडीदार नाही. पुढील उपग्रहांची आखणी करताना शेतातील काडासाठी हा जोडीदार मागितला पाहिजे. भूशास्त्रज्ञांनी १९८२ पूर्वी आग्रह धरला होता, तसा आता शेतीशास्त्रज्ञांनी धरावा.

आग आणि काड

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. पंजाबात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन भाताचा पेंढा तयार होतो. भूजल वाचवण्यासाठी २००९ साली तेथे कायदा झाला व भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली गेली. साहजिकच कापणी उशिरा होऊ लागली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. त्यात कापणीयंत्राने कापलेल्या शेतात उभे बुडखे आणि मोकळा पेंढा पसरलेला राहतो. तो उचलायला वेळ नाही, मजूर नाहीत, आणि जनावरांना हा पेंढा फारसा चालत नाही. म्हणून काडी ओढली जाते. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उत्तरेकडील राज्यांत असे जाळण्यावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दंडाच्या रकमा दुप्पट होऊन त्या शेतीच्या आकाराप्रमाणे पाच हजार ते तीस हजार रुपये झाल्या.

आग लागली हे कळते उपग्रहावरून. यामागचे पदार्थविज्ञान तुमच्या पुढील इयत्तांत येईल. पदार्थ जितका तप्त, तितकी त्याच्या प्रारणाची प्रमुख तरंगलांबी कमी, असा वीन यांचा नियम आहे. सुमारे ३०० केल्व्हिन तापमानाची जमीन १० मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रारण सोडते, तर ७५० केल्व्हिनची आग ४ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणून ४ मायक्रोमीटरला एखादा ठिपका एकाएकी चमकला की तेथे आग आहे असे समजतात. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था अशा ठिपक्यांची रोजची मोजदाद ठेवते.

ही पद्धत उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा समजून घेतल्या पाहिजेत. ज्या उपकरणांवर ही मोजणी मुख्यतः अवलंबून आहे, त्यांतील एका प्रमुख उपकरणाचा ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा आहे. म्हणजे एका ठिपक्यात जवळजवळ पस्तीस एकर जमीन येते. भारतातील सरासरी शेतजमीन २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे एक हेक्टरहून किंचित अधिक, म्हणजे अडीच-पावणेतीन एकर. मग पस्तीस एकरांत आग कोणाच्या शेतात लागली? शिवाय तो उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. चार वाजता पेटलेली आणि सहा वाजता विझलेली आग त्याच्या हिशेबात येतच नाही. २०२४ साली या मुद्द्यावर वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली.

येथे काडाची मोजणी सरस ठरते. ज्वाळा तासाभरात विझते, पण काडाचे असणे किंवा नसणे कित्येक दिवस टिकते. पाच दिवसांनी येणारा उपग्रहसुद्धा ते पाहू शकतो. आणि दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आगीच्या यादीत फक्त जाळणारे येतात. ज्याने पेंढा न जाळता त्यातूनच गहू पेरणारे यंत्र चालवले, खर्च सोसला, शेजाऱ्यांची थट्टा सोसली, त्याचे नाव कोठेच येत नाही. न लागलेल्या आगीचा ठिपका पडत नाही. काडाच्या नकाशावर मात्र त्याचे शेत उठून दिसेल. मग दंडाबरोबर बक्षिसाचाही विचार करता येईल. केवळ चूक शोधणाऱ्या मास्तरांपेक्षा बरोबर उत्तरावर खूण करणाऱ्या मास्तरांचे विद्यार्थी अधिक शिकतात, हे शिक्षकबंधू-भगिनींना सांगायला नको.

नकाशा काय सांगत नाही

असे असले तरी काडाचा नकाशा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. तो 'किती' हे सांगतो, 'का' हे सांगत नाही. हा फरक आपल्या महाराष्ट्रात फार मोलाचा आहे.

सोलापूर भागातील रब्बी ज्वारीचे शेत घ्या. शेतकरी ताटे बुडापासून काढतो, कणसे खुडतो आणि कडबा पेंढ्या बांधून गंजीला लावतो. तो कडबा म्हणजे त्याच्या बैलांचे आणि गायी-म्हशींचे वर्षाचे अन्न. पाऊस दगा देतो त्या वर्षी धान्याइतकीच कडब्याची काळजी असते. उरलेल्या धसकटांतली काही वेचून चुलीला जातात. असे शेत मे महिन्यात उपग्रहातून जवळपास उघडे दिसेल. त्यावर अमेरिकेतील ३० टक्क्यांचे माप ठेवले तर हा शेतकरी नापास! पण त्याने काही जाळलेले नाही. त्याचे काड जनावरांच्या पोटातून शेणखताच्या रूपाने पुन्हा शेतात येते. शेकडो एकर मका पेरून तिची ताटे रानातच सोडणारा आयोवाचा शेतकरी आणि पाच एकरांवर घर व गोठा दोन्ही चालवणारा आपला शेतकरी यांना एकाच पट्टीने मोजणे हे शास्त्र नव्हे.

उसाची गोष्ट वेगळी. एका हेक्टरमागे साधारण आठ ते दहा टन पाचट निघते आणि ते अनेक ठिकाणी अजून पेटवले जाते. येथे कडब्यासारखा चाऱ्याचा प्रश्न नाही. पाचट सरीत पसरून कुजवता येते, खोडव्याला त्याचा फायदा होतो आणि ओल टिकते. म्हणजे उसाच्या पट्ट्यात झाकणाचे माप कडक ठेवता येईल, ज्वारीच्या पट्ट्यात ते सैल ठेवावे लागेल. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, ती आग तर आणखी निराळ्या कारणाची. पीक, माती, जनावरे आणि पाऊस पाहून प्रत्येक भागाचे माप वेगळे ठरले पाहिजे, आणि ते ठरवताना शेतकऱ्याला विचारले पाहिजे.

आकाराचीही अडचण आहेच. सेंटिनेलचा या पट्ट्यांतील ठिपका २० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. १०० मीटर बाजू असलेल्या एक हेक्टरच्या चौरस शेतात असे पंचवीस ठिपके बसतात. पण ठिपक्यांच्या रेषा शेताच्या बांधांशी जुळवून कोणी आखलेल्या नसतात. त्या दोन्ही दिशांनी जरा सरकल्या की पूर्णपणे शेतात राहणारे ठिपके सोळाच उरतात. बाकीच्यांत बांध, बाभळीची सावली, शेजाऱ्याचा हिरवा घास असे सारे मिसळते. दहा गुंठ्यांच्या तुकड्याबद्दल तर उपग्रहाने न बोललेलेच बरे.

एका बाबतीत मात्र निसर्ग आपल्या बाजूने आहे. अमेरिकेच्या मक्याच्या प्रदेशात मोजणीचा काळ वसंतातील पेरणीचा, आणि तेव्हा तेथे ढगही असतात व जमीनही वारंवार भिजलेली असते. आपल्या दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत आकाश बहुधा निरभ्र असते, काड खडखडीत वाळलेले असते आणि हिरवळ नावालाच असते. मोजणीचे तिन्ही शत्रू, म्हणजे ढग, ओल आणि हिरवे पान, एकाच वेळी रजेवर! शिवाय मृगाच्या पहिल्या सरींपूर्वी जमीन किती उघडी आहे, हेच तर आपल्याला जाणून घ्यायचे असते. मेच्या अखेरचा काडाचा नकाशा म्हणजे जूनमध्ये माती कोठून वाहून जाण्याचा धोका अधिक, याची आगाऊ सूचना होय.

शंभर गाठींची दोरी

हा नकाशा खरा की खोटा हे ठरवायला कोटी रुपयांचे उपकरण लागत नाही. एक दोरी पुरते. वीस मीटर दोरी घ्या आणि दर वीस सेंटीमीटरला एक अशा शंभर गाठी मारा. शेताच्या मालकाची परवानगी घेऊन ती पिकाच्या ओळींना तिरपी, साधारण ४५ अंशांत, ताणून जमिनीवर ठेवा. ओळींच्या बाजूने ठेवली तर सगळ्या गाठी एकाच ओळीत पडून उत्तर चुकेल. आता प्रत्येक गाठीवर सरळ वरून पाहा. गाठीच्या ठरलेल्या एकाच कडेखाली काडाचा तुकडा येतो का? येत असेल तर एक मोजा. अडीच मिलिमीटरहून बारीक तुकडे धरू नका. शंभर गाठींपैकी जितक्यांखाली काड आले, तितके टक्के झाकण. अमेरिकेतही शेतात जाऊन हेच करतात.

एका दोरीवर मात्र थांबू नका. खरे झाकण ३० टक्के असले तरी एका दोरीत २५ किंवा ३५ येणे अगदी स्वाभाविक आहे. हा निव्वळ योगायोगाचा फरक. शेतात पाच जागी दोरी टाकून सरासरी घेतली की हा फरक निम्म्याहून कमी होतो. कमी-अधिक झाकण असलेली दहा-बारा मोठी शेते निवडा. तारीख, मागील पीक, मातीचा प्रकार, शेवटची नांगरट किंवा वखरणी आणि काडाचे पुढे काय होते, हे वहीत लिहा. मग शाळेच्या संगणकावर त्याच आठवड्यातील सेंटिनेलचे चित्र पाहून शिक्षकांच्या मदतीने निर्देशांक काढा. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर दोरीचे टक्के आणि उभ्या अक्षावर उपग्रहाचा निर्देशांक मांडा. बिंदू एका तिरप्या रेषेच्या आसपास पडले, तर तुमच्या गावापुरता उपग्रहावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एखादा बिंदू फटकून पडला, तर त्या शेतात पुन्हा जा. तेथे पाणी दिले होते का? माती वेगळी आहे का? बांधावरची झाडे ठिपक्यात आली का? शास्त्र खरे शिकायला मिळते ते अशा फटकून पडलेल्या बिंदूपाशी.

दोन पथ्ये पाळा. शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक आलेखावर लिहू नका. शेतांना फक्त क्रमांक द्या. आणि काम संपल्यावर निकाल सर्वांत आधी त्या शेतकऱ्यांनाच दाखवा. त्यांच्या जमिनीची माहिती त्यांना सर्वांत शेवटी कळावी, हे योग्य नाही. 'तुझे शेत उघडे आहे' असे सांगण्यापेक्षा 'काका, या कोपऱ्यात काड अजिबात नाही आणि उतारही आहे. तेथे पाऊस सुरू झाल्यावर पाणी कसे वाहते?' असे विचारले, तर त्यांच्याकडून तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते कोणत्याही उपग्रहाला ठाऊक नसते.

नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांना गावोगावची, वर्षानुवर्षांची, एकाच पद्धतीने घेतलेली दोरीची मोजणी हवीच असणार. पण प्रत्येक तालुक्यात पाठवायला त्यांच्याकडे माणसे कोठून येणार? तालुक्यातील दोन शाळांनी दर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, सुट्टीत का होईना, दहा शेते मोजली, तर पाच वर्षांत महाराष्ट्राला स्वतःचे माप ठरवण्याइतकी सामग्री जमा होईल. मोठ्या माणसांनी या कामासाठी शाळांना विचारलेले नाही, हे खरे. पण विचारण्याची वाट कशाला पाहायची? दोरी आणा आणि गाठी मारायला लागा.